घराचा एक तृतीयांश आणि खडूची रेघ

क्वाला कांगसार, बुधवार

गैकसिम ताईस,

धाकटा भाऊ बून लिम (निकाहापासून इद्रिस, पण त्या नावाने तू कधी हाक मारली नाहीस, म्हणून जुनंच लिहितो) याचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? मागच्या दारावरची कौलं गळतात का? आम्ही तिघं बरे आहोत.

पत्र लिहायचं कारण, फोनवर मी नुसतं "माझ्या पश्चात" म्हटलं की तू "थू! तोंड धुऊन ये आधी!" म्हणतेस आणि फोन आपटतेस. कागद आपटलास तरी मजकूर जागेवर राहतो.

मुद्दा तुला ठाऊक आहे. बाबांनी तैपिंगचं घर माझ्या नावावर केलं, आणि बाबांना शेवटपर्यंत सांभाळलंस तू. (मुलीचं नाव घालायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांच्याशी आता भांडण कोण काढणार?) उद्या मी गेलो तर आमच्या मुसलमानी नियमाने घर सलमिया आणि इर्फान यांच्यात वाटलं जाईल. तू वेगळ्या धर्माची, तेव्हा सख्खी बहीण असूनही वाटणीत तुझं नाव नाही. मृत्युपत्राने मात्र एक तृतीयांशापर्यंत तुला देता येतं. एवढं ऐकलं आणि मी टेप घेऊन तुझ्याकडे आलो.

ती माझी चूक, कबूल. घराची लांबी बहात्तर फूट. आई-बाबांचा देव्हारा तुझ्याकडे यावा म्हणून मी पुढच्या दारापासून चोवीस फूट मोजले आणि खडूने रेघ मारली. रेघ तुझ्या पलंगाखालून जाईल हे मला कसं कळणार? डोकं तुझ्या हद्दीत आणि पाय भाच्याच्या, असं मी हसत म्हणालो, तिथे घोडं अडलं. तू भांडी विसळलेलं पाणी रेघेवर ओतलंस (निम्मं माझ्यावर), दार लावलंस, आणि त्याला आता आठ महिने झाले.

मग मी मृत्युपत्राच्या कचेरीत गेलो. तिथले रझाली साहेब माझा नकाशा पाहून इतके हसले की त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनाही बोलावलं. एक तृतीयांश म्हणजे सगळ्या मालमत्तेच्या किमतीचा, म्हणे. फरशीचा नव्हे. शिवाय जिवंतपणी बक्षीस द्यायचं तर ही मर्यादाच नाही. अख्खं घर, कुठल्याही धर्माच्या माणसाला. देणाऱ्याने "दिलं" म्हणायचं, घेणाऱ्याने "घेतलं" म्हणायचं आणि ताबा द्यायचा. ताबा तर तुझाच आहे. त्या घरात शिरताना मलाच खोकावं लागतं.

घरच्यांनाही विचारलं. इर्फान म्हणाला, "बाबा, ती कौलं आत्याच शाकारते. मी काय करू तिथे?" सलमिया म्हणाली, "देऊन टाका एकदाचं. नाहीतर भावजयीने नणंदेला रस्त्यावर काढलं म्हणून मलाच बोल लागेल." तेव्हा माझं "दिलं" झालंय, सहीसकट. जिवंत भावाचं घर घेणं म्हणजे त्याच्या मरणाची वाट बघणं, असं तू म्हणशील. ताई, उलट आहे. आज घेतलंस तर माझ्या मरणाशी तुझा काडीचा संबंध उरत नाही.

तुझा,
बून लिम

ता. क. पुढच्या गुरुवारी दहा वाजता रझाली साहेब कागद घेऊन तुझ्याकडे येतील. "घेतलं" म्हण आणि सही कर. टेप आणणार नाहीत, मी बजावलंय.

ता. क. दुसरा. बक्षीसपत्रात मी खाली एक अट घातली होती. साहेबांनी ती खोडली. अशी अट बक्षिसाला लावता येत नाही म्हणाले. म्हणून इथे लिहितो. यंदा आपल्या चिनी नववर्षाच्या आदल्या रात्री मला जेवायला बोलावलं नाहीस. एकतीस वर्षं माझ्यासाठी डुकराचं मांस न शिवलेली वेगळी कढई ठेवून मासा करायचीस. त्या रात्री मी इथे जेवलो, पण जेवण गेलं नाही. येत्या वर्षी बोलाव. सही केली नाहीस तरी बोलाव.

(पण सही कर.)