टाचेवरचा बिब्बा

माय, तिकडं शिकायला होते तेव्हा फोनवर तुला सगळं गोडगोडच सांगायची. ब्रेड मिळतो, पोरी चांगल्या आहेत, थंडी काही एवढी नाही. खरं सांगते, इंग्लंडातलं ते पहिलं वर्ष मी नुसतं भिऊन काढलं. बसच्या ड्रायव्हरनं काही विचारलं की भ्यायची, वर्गात माझं नाव घेतलं की वहीत तोंड खुपसायची. खोलीचं दार आपोआप बंद व्हायचं, दोनदा किल्ली आत राहून मी चपलांवर बाहेर. मोताळ्याच्या बाजारात वांगेवाल्याशी भांडणारी तुझी पोर ती, तिकडं सॉरी सॉरी करत भिंतीच्या कडेनं चालायची. सुख म्हणशील तर रविवारी कपडे धुवायच्या यंत्रातून निघालेली गरम चादर पोटाशी धरून बसायचं आणि ब्रेडला तू दिलेला ठेचा लावून खायचा. तेवढ्यापुरतं भेव जायचं.

हिवाळ्यात टाचा फाटल्या. भेगांतून रक्त यायचं, मोजे चिकटायचे. मी निघताना भेगांवर लावायला तू पिशवीत चार बिब्बे टाकले होतेस आणि एसटी सुटेपर्यंत बजावत होतीस, "आंधी गोडंतेल चोपड, मंग बिब्बा टेकव. नाही त उतते तो." गावातल्या अर्ध्या बायकांच्या टाचा तुझ्याच हातानं बऱ्या झालेल्या, मला काय ते माहीत नव्हतं? पण तेलाची बाटली खाली सगळ्यांच्या स्वयंपाकघरात, आणि तिथं वसतिगृहाची मॅडम बसलेली. आठच दिवसांपूर्वी माझ्या मिरचीच्या फोडणीनं धुराची घंटा वाजली होती आणि सगळं वसतिगृह रजया गुंडाळून रस्त्यावर कुडकुडत उभं होतं. पुन्हा असं झालं तर खोली सोडावी लागेल, असं मॅडम अगदी शांतपणे म्हणाली होती. त्या शांतपणाचीच मला धास्ती. तेल कशाला, असं तिनं विचारलं तर काय सांगू? म्हणून खाली गेलेच नाही. खिडकी उघडून मेणबत्ती लावली, सुईला टोचलेला बिब्बा तापवला आणि कोरड्याच टाचेवर टेकवला. घाईत काळा रस घोट्यावरही ओघळला.

तिसऱ्या दिवशी पाय भोपळ्यासारखा सुजला. बिब्बा उतला होता, फोड आलेले, पाणी वाहतंय. दवाखान्यातल्या नर्सनं पाय पाहिला, उठून दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, हे तुला कोणी केलं का? तुला कोणी डागतं का? माझी पाचावर धारण बसली. आता पोलीस येतील, व्हिसा जाईल, मला परत पाठवतील, सगळं गाव स्टँडवर बघायला येईल. मी पटकन म्हणाले, हे औषध माझ्या आईनं दिलंय, ती अडाणी आहे, तिला कळत नाही. नर्सनं मान हलवली, ते लिहून घेतलं, मलम दिलं. एरवी दोन वाक्यं बोलताना अडखळायची मी, तुला अडाणी म्हणताना एकदाही अडखळले नाही.

गावात आपल्याकडं फोन नव्हता, समोरच्या काकूच्या घरी होता. पाय जळला एवढं मी सांगून बसले. तू विचारलंस, "तेल लावलं होतं ना बाई?" मी हो म्हणाले. का म्हणाले? तू रागावली असतीस, एवढंच. फार तर डोक्शात भुसा भरला का वं, म्हणाली असतीस. पण तू आधी सूज उतरली का, ते विचारलंस. मग म्हणालीस, "मंग माह्याच हातचं चुकलं असन. माह्यामुळं तुले तरास झाला." मी म्हटलं, जाऊ दे माय. जाऊ दे म्हणे! मोठी माफ करणारी मी.

तू गेलीस त्याला आता कितीतरी वर्षं झाली. तेराव्याला काकूनं मला बाजूला घेऊन सांगितलं, त्या फोननंतर तू कोणालाच बिब्बा दिला नाहीस. देऊळघाटची मावशी लंगडत आली, तर तिलाही नाही. "म्या माह्या पोरीचा पाय जाळला, आता हात नाही लावत," असं म्हणून तिला तशीच परत धाडलीस. स्वतःच्या भेगाही तशाच ठेवल्यास. मी ऐकून ढसाढसा रडले. काकूला वाटलं, आई गेली म्हणून रडते. तेव्हा खरं सांगता आलं असतं. काकूच्या तोंडून ते सगळ्या गावाला कळलं असतं, निदान तुझ्या हाताचं नाव तरी राहिलं असतं. पण लोक मला काय म्हणतील, या भेवानं मी गप्प राहिले.

तुला वाचता येत नव्हतं. हे पत्र कोणापुढं वाचायचंच झालं तर ते काकूपुढं. ती आहे अजून, आत्ता समोरच्या ओट्यावर उन्हात शेंगा फोडत बसली आहे. मघाशी तिनं हाक मारून विचारलंही, काय लिवून राह्यली वं एवढी?

मी म्हटलं, काही नाही काकू, कॉलेजचे पेपर तपासून राह्यली.