राबाची जागा

१९ फेब्रु. २००३
मामांनी आज पुन्हा पाला गोळा केला. सागाची पानं, गोवऱ्या, पेंढा, सगळं पडवीत. "राब भाजायचा हाय गो. पेरायच्या आधी जागा भाजाय नको?" भात लावायचं आम्ही सोडलं त्याला वर्षं झाली. राबाच्या तुकड्यावरच तर हे घर बांधलंय. सांगितलं तसं. "हा, हा," म्हणाले आणि परत पाला आणायला गेले. काडेपेटी तांदळाच्या डब्यात लपवली.

४ मार्च
अंगणवाडीतून आले तर मधल्या खोलीत राब रचलेला. खाली गोवऱ्या, वर पाला, मग पेंढा, वरून बारीक माती. लादीवर. दारातून वारा येतो म्हणून मामा मागच्या कोपऱ्याकडून पेटवायला बसलेले. अगदी रीतसर. हातात काडेपेटी, शेजारच्या बाळूने दिलेली. त्याला बोलले तर म्हणतो, "विडीला मागितली वैनी. म्हाताऱ्या मानसाला विस्तवाला नाय म्हनू?"
खरंय. इथे विस्तवाला कोणी नाही म्हणत नाही. आम्ही जळून मेलो तरी म्हणणार नाहीत.
मामा चिडले नाहीत. "हितंच तर जागा व्हती." जागा बरोबरच आहे, आता काय बोलायचं.

५ मार्च
ह्यांच्याकडे विषय काढला. शहापूरच्या बाजूला आश्रम आहे, म्हातारी माणसं ठेवून घेतात. "आखाजी होऊ दे." मागे दिवाळी होऊ दे होतं, त्याआधी गणपती. म्हटलं, सासरा माझा असला तरी बाप तुमचा आहे, एक दिवस घरी बसून बघा. ताट सरकवून उठले.

९ मार्च
आटगावहून वनिता आली, नणंद. पडवीत बसून रडली. "बापाला टाकता व्हय?" म्हटलं, मग तू ने. "आमचं घर बारीक." जाताना आमच्या शेवग्याच्या शेंगा तेवढ्या नेल्या.

२१ मार्च
पेटला. पडवीतच. बाळूने आणि मी घागरी ओतल्या. वासे काळे झाले, मामांचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. मुरबाडला नेऊन पट्टी केली. डॉक्टर म्हणाले, एकटं ठेवू नका. कोणी बसायचं? मीच ना. अंगणवाडी सोडणार नाही.
मला मामांचा वीट आलाय. त्यांची दयाही येते. दोन्ही रोज.

२७ मार्च
आश्रमातून निरोप. नाव मीच देऊन ठेवलं होतं. एक खाट रिकामी झाली, सोमवारी आणा. कशी रिकामी झाली ते विचारलं नाही. हे पहिल्यांदाच "बरं" म्हणाले. रात्रपाळी करून सकाळी येतील, मग जीप करून दोघं मिळून...

३१ मार्च, सोम.
मामांना आंघोळ घातली, पट्टी बदलली, बोचकं बांधलं. कंपनीची गाडी आली, हे उतरले नाहीत. बरोबरचा माणूस सांगून गेला, "गजाननने दिवसपाळी पन घेतली." म्हणजे न्यायचं मी एकटीने. मग गावात सांगायला मोकळे, बायकोने नेला.
आणि मामा आज शुद्धीवर. चहा मागून घेतला. मला सुमन म्हणून हाक मारली, किती दिवसांनी. म्हणाले, "गजा नाय येयाचा. बारका व्हता तवापासून असाच. घरात कोंबडी कापायची झाली का पळायचा." हसले. मीही हसले. मग काय बोलले ते कळलं.

जीप दारात आहे. मामा टोपी घालून पायरीवर बसलेत. "आवर गो, तो थांबलाय." भ्रमात असते तर हाताला धरून बसवलं असतं. आज सगळं कळतंय, आजच कसं नेऊ? आणि आज नाही तर मग कधी?
जीपवाल्याला म्हटलं, थांब, चहा घे. त्याचा पिऊन झाला. मी अजून घरातच.