मथुराबाईंची मूठ

१७ नोव्हेंबर १९८६, सोमवार

आले एकदाची मनोरीला! मार्वेच्या धक्क्यावर फेरीबोटीत चढले तेव्हा हातात मेण वितळवायचं पातेलं, काखेत गरम पाण्याच्या पिशव्या, पायाशी वाळूच्या वजनांचं पोतं. शेजारच्या कोळणीला वाटलं, मी भांडी विकायला निघालेय. भाव विचारला तिने पातेल्याचा!

मला नोकरी देणाऱ्या ट्रस्टने दवाखान्यासाठी एक कॉटेज दिलंय. कुणा मुंबईकराचं सुट्टीतलं घर होतं, आता पुढची खोली माझी. मी कुंदाच्या कुंडीशेजारी पाटीही लावली. राहायची सोय मागच्या गल्लीत सोनूबाईंकडे. एकट्याच असतात, सुकी मासळी विकतात. जेवताना त्यांनी विचारलं, मी नक्की करते काय? दुखऱ्या सांध्यांना, आखडलेल्या स्नायूंना व्यायाम देते, शेकते, पुन्हा चालतं करते, असं मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यावर म्हणाल्या, "म्हंजे मालीसवाली." बरं, तसं तर तसं.

आईला मुलुंडला पत्र टाकलं की खोली छान आहे, काळजी करू नको. खोली खरंच छान आहे. खिडकीतून खाडी दिसते. पहिली नोकरी आणि समोर पाणी, अजून काय पाहिजे?

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज धर्मा नावाचा खलाशी आला. जाळी ओढून ओढून कंबर धरलेली, पार वाकून चालत होता. शेकलं, पालथं झोपवून हळूहळू छाती उचलायला लावली. जाताना बऱ्यापैकी सरळ होऊन गेला आणि बाहेर जाऊन चार जणांना सांगितलं. झकास वाटलं.

दुपारी एक मध्यमवयीन माणूस बराच वेळ कुंपणाशी उभा होता. शेवटी मीच बोलावलं. महादू नाव. बायकोच्या हाताचं विचारायला आला होता. गौरीचं सामान आणायला त्याची बायको मथुरा आणि मुलगी मालन लहान होडीतून पलीकडे गेल्या होत्या. परतताना खाडीच्या तोंडाशी होडी उलटली. मथुराने एका हाताने पालथी होडी धरली, दुसऱ्या हाताने पोरीचा हात. माणसं पोचेपर्यंत ती तशीच लोंबकळत होती. पोचली तेव्हा उजवा हात रिकामा होता आणि मूठ घट्ट मिटलेली. खांदा निखळला होता तो इस्पितळात बसवला. मूठ मात्र अजून उघडलेली नाही. मालन सापडली नाही. एकोणीस वर्षांची होती.

हे सगळं तो जमिनीकडे बघत बोलला. उद्या-परवा घेऊन या म्हटलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मथुराबाईंना तपासलं. हात जेमतेम छातीपर्यंत वर येतो, कोपर आखडलेलं. नसा शाबूत आहेत, एक्स-रेत हाडं नीट आहेत. पण मूठ दगडासारखी. नखं तळव्यात रुतलीत, जखमा चिघळल्यात. शहरातल्या डॉक्टरांनी महादूला सांगितलंय की हात असाच राहिला तर बोटं काढावी लागतील.

आम्हाला शिकवतात, स्नायू उगाच आखडत नाही. दुखावलेल्या जागेची तो राखण करत बसलेला असतो. धोका टळलाय हे त्याला पटवावं लागतं. ऊब द्यायची, हलकेच ताण द्यायचा, पुन्हा ऊब. जबरदस्ती केली की तो अजून घट्ट धरतो.

मी अंगठ्याला हात लावला तेव्हा मथुराबाई माझ्या खांद्यावरून खाडीकडे बघत राहिल्या. मुठीतून पाणी झिरपत होतं. मिटलेल्या तळव्याला घाम येतोच.

२६ नोव्हेंबर, बुधवार

रोज मेणाचा शेक चाललाय. खिडकीच्या गजाला कप्पी बांधून दोरी दिली, डाव्या हाताने ओढून उजवा वर न्यायचा. आज त्यांचा हात डोक्यापर्यंत गेला. मनगटानेच त्यांनी केस मागे सारले. महादू दारात उभा होता, तोंड फिरवून रडला. ह्याच क्षणासाठी मी हे शिकले, असं वाटलं.

करंगळीही सुटली. सुटताना माझ्या हातावर पाणी सांडलं. घाम एवढा नसतो. आणि मेणात बुडवून काढलेला हात इतका गार कसा?

२ डिसेंबर, मंगळवार

दुसरं बोट उघडलं आणि मथुराबाई पहिल्यांदा बोलल्या. "सोरू नको गो."

मी समजावलं की मी हात सोडत नाहीये, नीट धरलाय. त्यांनी मान हलवली. मला नव्हे, त्या स्वतःला बजावत होत्या. मग हळू आवाजात सांगितलं की मालन पाण्यात हेच म्हणत होती. सोरू नको गो आये. हात उघडला की ती जाईल. अजून तिथेच आहे ती, तिचं वजन लागतं हाताला.

मी बाहेर येऊन चूळ भरली, डोळे धुतले. मग परत आत गेले आणि त्यांचा हात खालून तोलून धरला. हात जड होता. निर्जीव वजन असतं तसं नव्हे. खाली ओढणारं, मधेच सैल पडणारं, पुन्हा ओढणारं. लाटेवर कुणी लटकावं तसं.

बोरीवलीला नलिनी मॅडमना फोन केला. त्यांनी शिकवलंय मला. त्या म्हणाल्या, हे दुःख आहे अनुपमा, दुःखाने स्नायू आखडतो. सावकाश जा, पण थांबू नकोस, नाहीतर बाईचा हात जाईल.

५ डिसेंबर, शुक्रवार

मधलं बोट सुटलं. मथुराबाई आता जेवतात. काल बायकांत बसून डाव्या हाताने बोंबील निवडले म्हणे. तीन महिन्यांत पहिल्यांदा उंबरठ्याबाहेर आल्या.

माझ्या डाव्या मनगटावर वळ उठलेत. चार बोटं आणि अंगठा. दुखत नाहीत. मथुराबाईंनी मला कधी धरलेलं नाही.

सोनूबाईंनी वळ पाहिले. खोबरेल चोळलं. नंतर म्हणाल्या, मुलुंडला जा बाय, आजच जा. मी कारण विचारलं तर चुलीकडे तोंड करून बसल्या.

गेले असते. पण दोन बोटं राहिलीत. तर्जनीखालची जखम वाढलीये. आता सोडलं तर डॉक्टर कापतील.

९ डिसेंबर, मंगळवार

उघडली.

तर्जनी, मग अंगठा, एकामागोमाग, काही जोर न लावता. तळव्यात काही नव्हतं. कातडी पांढरीफटक, सुरकुतलेली, खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखी. मथुराबाईंनी रिकाम्या तळव्याकडे पाहिलं आणि त्या जे ओरडल्या — सगळी गल्ली जमली. पोर गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या. आज रडल्या. महादूने त्यांना कुशीत घेतलं, त्यांनी दोन्ही हातांनी त्याला धरलं. दोन्ही हातांनी.

कुणाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्याच वेळी माझी डावी मूठ मिटली. मी मिटली नाही. मिटली.

११ डिसेंबर, गुरुवार

उघडत नाही. मेण, गरम पाणी, ताण, सगळं करून पाहिलं. जे त्यांना केलं तेच स्वतःला केलं. मला माहीत आहे कसं करायचं ते, पण होत नाही.

आत हात आहे. बारीक बोटं. गार. माझ्या मनगटाला खालून धरलंय.

ओहोटीला वजन जास्त होतं. दवाखाना बंद ठेवलाय. धर्मा दार वाजवून गेला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

मथुराबाई आल्या. पेज आणली होती, उजव्या हाताने भरवली. चमचा नीट धरला होता त्यांनी. मी रडले.

मग माझी मूठ मांडीवर घेऊन त्या उघडू लागल्या. "दे. माजी हाय ती. माजी मला दे." विनवत होत्या, नखं मोडेपर्यंत. माझी बोटं हलली नाहीत.

खरं लिहू? मीच हलवली नाहीत. एकदा, अगदी थोडी सैल झाली होती — आणि खालून तिने इतकं घाबरून धरलं. माझ्याहून लहान आहे. सैल कशी करू —

१३ डिसेंबर, शनिवार

महादूच्या होडीत. नलिनी मॅडम मार्वेला थांबल्यात, तिथून इस्पितळ. उजव्या हाताने लिहितेय. लिहीत राहिलं की बरं वाटतं.

वारा नाही. पाणी सपाट आहे. तरी होडी माझ्या बाजूला कलतेय. महादू वल्ही मारतोय, होडी पुढे जात नाही. घामाघूम झालाय.

खाडीचं तोंड.

मथुराबाईंनी मागून माझ्या कमरेला मिठी घातलीये. दोन्ही हात घट्ट आहेत त्यांचे. बरे झालेत. कानाशी एकसारखं सांगतायत, सोर तिला. सोर गो बाय. तुजी आय वाट बघते. रडतायत आणि सांगतायत. स्वतःच्या पोरीला सोड म्हणून —

डावा हात कोपरापर्यंत पाण्यात. मी घातला नाही.

दिसतेय. केस मोकळे. वर बघतेय. तोंड उघडतंय, मिटतंय. ऐकू येत नाही पण कळतं काय म्हणतेय ते —

नाही गं. नाही सोडत.

एका हाताने पेलत नाहीये. सुटेल. ही वही ठेवून दुसराही हात —