शंभर लिटरांची धास्ती

आदरणीय दाजी,

साष्टांग नमस्कार. (गाडीत आडवं पडायला जागा उरलेली नाही, म्हणून तो मनातल्या मनात घातला आहे. जागा का उरली नाही, ते ओघात येईलच.) आपण आणि ताई खुशाल असाल. आम्हीही खुशाल आहोत आणि आपली ही फिरत्या घराची गाडी तर आमच्याहून खुशाल आहे, हे आधीच सांगून टाकतो. फोनवर बोलायचं धाडस होईना, म्हणून पत्र.

किल्ली देताना आपण म्हणाला होता की, शंभर लिटरची पाण्याची टाकी तीन माणसांना तीन दिवस आरामात पुरते. मी ते वाक्य पाठ केलं. निघालो त्या संध्याकाळी टाकी गळ्यापर्यंत भरली, पातळीचे चारही दिवे लागले. सकाळी दात घासायला नळ सोडला, तर त्याने नुसता सुस्कारा टाकला. दिवा एकही नाही. टाकी फुटली, माझ्या हातून फुटली, आणि तीही दाजींची! तसाच गाडीखाली शिरलो. खाली ओल होती, पण ती टाकीची की माझ्या घामाची (आपण मला ओळखता), हे ठरेना.

पुन्हा भरली आणि काटकसर सुरू केली. अंघोळ एका तांब्यात, भांडी कागदाने पुसून. हिने चहाचा कप विसळायला घेतला, तो मी नळाखालून ओढून घेतला. तेव्हापासून ही माझ्याशी आईमार्फत बोलते. "आई, त्यांना सांगा, मी आता श्वास घेतेय. त्याला पाणी लागत नाही." एवढं करून सकाळी टाकी पुन्हा कोरडी. आई तेवढी शांत. "जीव कशाला काढतोस? आण की भरून," म्हणाली.

शेवटी अशा गाड्या दुरुस्त करणारा एक कारखाना गाठला. तिथल्या कारागिराने टाकी ठोकून पाहिली आणि म्हणाला, "ठणठणीत आहे. तुम्हीच जास्त पिता." मग मीच हिशेब मांडला की टाकी लहान पडते, आणि ऐंशी लिटरची दुसरी बसवून घेतली. (पाण्याला वजन असतं, हे पुढच्या चढावर कळलं. एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं, वर हातही केला.)

आज पहाटे पाण्याच्या आवाजाने जाग आली. बाहेर जाऊन पाहतो, तर मागच्या चाकाशी आई चष्मा लावून वाकलेली, आणि जुन्या टाकीचा खालचा नळ धो धो सुटलेला.

"आई, हे काय करतेस?"

"शिळं पाणी काढतेय. रात्रभर डब्यात कोंडलेलं पाणी पाजू का तुम्हाला? रोजच काढते."

मी परोपरीने समजावलं. ती म्हणाली, "तुला काय कळतंय! जावईबापूंनी खाली नळ उगाच ठेवलाय का?" मी नळ बंद केला आणि हे पत्र लिहायला बसलो.

आपला आज्ञाधारक,
मेहुणा

ता. क. : आईला एक फोन करा. टाकीतलं पाणी तीन दिवस ताजं राहतं, एवढंच सांगा. पोटच्या पोरापेक्षा तिचा आपल्यावर विश्वास आहे.

ता. क. : दुसऱ्या टाकीला जागा पलंगाखेरीज नव्हती. निम्मा पलंग कारखान्यात सुखरूप आहे. ताईला तूर्त सांगू नये.

ता. क. : फोन पत्र मिळताक्षणी करावा. दुसऱ्या टाकीला खालून नळ नाही, हे आईला आत्ताच कळलं, आणि त्या पाण्याला ती शिवायला तयार नाही. आम्ही पुन्हा कारखान्यात निघालो आहोत. गाडीच्या तळाला एक भोक पाडावं लागेल. कारागीर म्हणतो, अगदी लहान.