तिरक्या कापाच्या तीन फांद्या

धाकट्या,

रोपवाटिकेत आज नवी रोपं उतरवायची आहेत, म्हणून लवकर निघतेय. डबा ओट्यावर आहे. गच्चीतल्या आईच्या ऱ्होडोडेंड्रॉनला निळ्या पिंपातलं पावसाचं पाणी घाल, तांब्याभरच. नळाचं नको. डोंगरातलं झुडूप ते, त्याला आंबट माती लागते. नळाच्या पाण्याने पानं पिवळी पडतात. शेजारच्या काकू खोकल्यासाठी उकळायला पानं मागतील, त्यांना देऊ नकोस, ती विषारी असतात. फुलदाणीत ठेवायला फुलं हवी तेवढी न्या म्हणावं.

आता एक विचारते. झाडाच्या मागच्या बाजूच्या तीन फांद्या गेल्यात. आधी वाटलं, काकूंचंच काम. पण त्यांनी पानं ओरबाडली असती. हे काप तिरके आहेत, धारदार सुरीचे, पेराच्या बरोबर खाली. असं कापायला आईने आपल्या दोघांनाच शिकवलं होतं, आणि मी तर कापलेलं नाही. वरून ती बाजू भिंतीकडे फिरवून ठेवलीस. कुंडी जड आहे रे, फरशीवर ओरखडा उठलाय.

राहत्या घरात लावायला कोणी चोरून कलम घेत नाही. महिनाभर फोन आला की तू जिन्यात जातोस, तेही मला दिसतं.

मी भांडणार नाही. संध्याकाळी तोंडाने सांग. फक्त त्या नव्या घरी पावसाचं पाणी साठवायला जागा आहे ना, ते आधी बघून घे.

ताई