टिंबाने सुरू होणारी फाईल

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघा अजून वाकत नाही, तेव्हा सात अंगांवर भागव). तुझी कंबर, दाजींचा रक्तदाब आणि तुमच्या इमारतीची लिफ्ट, तिघांची खुशाली कळव. फोनवर आभार मानले की तू 'पुरे' म्हणून ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. इकडे सगळे ठीक. नाना बोलतात, तुझ्याच आवाजात. त्या झटक्यात त्यांची वाचा गेली आणि तू ते चित्रांचं ॲप करून दिलंस, तेव्हापासून आपले वडील चित्रावर बोट ठेवतात आणि लेकीच्या आवाजात चहा मागतात. (पंच्याहत्तरीच्या गृहस्थाच्या तोंडी 'मी दमले' बरं दिसत नाही, पण त्यांची तक्रार नाही.)

गेल्या आठवड्यात त्यांचा टॅब पडला, काच तडकली. नवा आणला, आणि हौसेला मोल नाही म्हणून त्याच्याबरोबर मी माझा संगणकही बदलला. तू सांगून ठेवल्याप्रमाणे ॲपचं फोल्डर जुन्या संगणकातून नव्यात आणलं. चौदा फाईली दिसल्या, चौदा मोजून घेतल्या. कवळ्या करणारा माणूस मी, एक दात इकडचा तिकडे होऊ देत नाही. मग ॲप बांधायच्या तुझ्या त्या प्रोग्रॅममधून ते नव्या टॅबवर चढवलं. नानांनी चहाच्या चित्रावर बोट ठेवलं, तर ढिम्म. पुन्हा ठेवलं, तरी ढिम्म. आणि ताई, लिहायला लाज वाटते, मी खेकसलो, "नाना, काय दाबलंत तुम्ही?" त्यांनी हात मागे घेतला आणि पांघरुणाखाली ठेवला. दोन दिवस तो हात बाहेर आला नाही. चहा विचारला तर मान भिंतीकडे फिरवायचे.

दोन दिवस मी संगणकापुढे मांडी ठोकून. (मांडी म्हणजे एकच, दुसऱ्या गुडघ्याचं वर सांगितलंय.) ॲप टॅबवर चढलं होतं, तरी प्रोग्रॅम लाल अक्षरांत ओरडत होता की सेटिंगची फाईल सापडली नाही. मी त्याच नावाची कोरी फाईल करून त्याच्यापुढे टाकली, म्हटलं गप्प बसेल. तर म्हणे, फाईल आहे, पण आत काही नाही. (हेच आपले गणिताचे मास्तर माझ्या डोक्याबद्दल म्हणायचे, तेही लाल शाईत.) मग आत मनानेच काहीबाही लिहिलं, तर दोन पानी लाल मजकूर आला. नाकी नऊ आले. तुला विचारावं तर तू जाताना 'सांभाळशील ना रे नीट?' म्हणाली होतीस आणि मी 'त्यात काय मोठंसं' अशी फुशारकी मारली होती.

शेवटी तुझी भावजय मागे येऊन उभी राहिली. "शेवटपर्यंत वाचलंस का?" म्हणाली. (ती औषधाच्या खोक्यातली चिठ्ठीसुद्धा शेवटपर्यंत वाचते.) मी पहिली लाल ओळ पाहूनच गर्भगळीत होत होतो. सगळ्यात खाली, चक्क मराठीत, तू लिहून ठेवलेलं सापडलं: "धाकट्या, टिंबाने सुरू होणाऱ्या नावाची फाईल आणायची राहिली. तसल्या फाईली लपून असतात. जुन्या संगणकात 'लपलेल्या फाईली दाखवा' कर. नानांवर चिडू नकोस. टॅबचा आवाज मोठा कर."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मी. पण फाईल नंतर, आधी टॅब. त्याचा आवाज पहिल्या दिवसापासून बंदच होता, मी बघितलंच नव्हतं. तो वाढवला, नानांचा हात पांघरुणातून काढून चित्रावर ठेवला, आणि तू बोललीस: "नाना, घाबरू नका. तुमच्या हातून काही बिघडलेलं नाही. धाकट्याच्या हातून बिघडलंय." नाना हसले. त्यांच्या तोंडाची एकच बाजू हसते, पण हसले. पुन्हा दाबलं, पुन्हा हसले. मीही हसलो, आणि मग मला रडूच आलं.

ताई, मी काय विसरेन, कुणावर खेकसेन आणि त्या वेळी नानांना काय ऐकावंसं वाटेल, हे तू दीड वर्ष आधी लिहून आणि बोलून ठेवलंस. माझ्या चुकीची एवढी काळजी आजवर मीसुद्धा घेतली नव्हती. ती फाईल आणली, सगळी चित्रं बोलू लागली. तुझे उपकार फिटायचे नाहीत. पत्र निव्वळ आभाराचं आहे, मागायचं काही नाही.

तुझा,
धाकटा

ता. क.: मागायचं आहे. सगळं सुरळीत झाल्यापासून तुझा तो निरोप ऐकू येत नाही, तो फाईल नसली तरच वाजतो. म्हणून नाना रोज सकाळी मला फाईल काढायची खूण करतात. मी काढतो, ॲप पुन्हा चढवतो, ते ऐकतात, मी फाईल परत ठेवतो. तीन जणांच्या कवळ्या रखडल्यात आणि ते लोक पेज पिऊन आहेत. तर त्या निरोपाचं वेगळं बटण करून पाठव.

आणखी एक ता. क.: वरचं सगळं नानांना वाचून दाखवलं. बटणाच्या वाक्याशी त्यांनी हात वर करून मला थांबवलं, टॅब पुढ्यात ओढला आणि एकामागून एक दोन चित्रांवर बोट ठेवलं. तुझ्याच आवाजात म्हणाले, "नको. ये."