तळ्याच्या वाटेवरची पहिली डबी

पुणे, ४ नोव्हेंबर २००७

चि. उर्वशी हिस, दादाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

उन्हाळ्यात आलो तेव्हा तुझी चेष्टा सोसत डोंगरावर तीन डब्या लपवल्या होत्या ना, त्या खेळाला गिऱ्हाईक मिळालंय! पहिल्या डबीच्या जागेचे आकडे इंटरनेटवर आहेत. ते जीपीएस यंत्रात घालून लोक शोधत येतात. पहिल्या डबीत दुसरीचे आकडे, दुसरीत तिसरीचे, आणि तिसरी थेट वरच्या तळ्याकाठी. नागपूरच्या विमलताई म्हणून निवृत्त प्राध्यापिका आहेत, त्या यजमानांबरोबर येणार आहेत. पावसात डब्या वाहून गेल्या नाहीत ना, एवढं बाबांना घेऊन बघून ये. बेडकाला भिणारी तू, एकटी जायची नाहीस हे ठाऊक आहे.

लोभ आहेच, तो आणखी असू दे.
तुझा दादा, धम्मरत्न

केळापूर, १९ नोव्हेंबर

ती. दादास, उर्वशीचा सविनय जयभीम. वि. वि.

गावचा फोन मुका आहे, म्हणून पत्र. आधीच सांगते, आम्ही दोघं जिवंत आहोत.

मागच्या बुधवारी पहिल्या दोन डब्या जागच्या जागी मिळाल्या. तळ्याजवळ पोचलो तर पाखरूही बोलत नव्हतं. मग एकदम वानर खेकसलं. काठच्या चिखलात पंजा उमटलेला, त्यात पाणी अजून झिरपत होतं. बाबा कुजबुजले की पोरी, पयू नको, पाठ दाखवू नको. मागं सरकताना त्यांचाच पाय दगडांत अडकला आणि ते पडले. घोटा मोडला. तेवढ्यात पलीकडच्या काठावरचं गवत हललं आणि वाघीण उभी राहिली. इतकी शांत उभी होती, दादा, की आपण आधीच मेलोय असं मला वाटलं. जेवणाच्या डब्यावर झाकण बडवत मी त्रिसरण ओरडून म्हणायला लागले. आवाज माझा वाटतच नव्हता. बराच वेळ आमच्याकडे बघून ती सागात शिरली. गुरं चारणाऱ्या नेमसिंगकाकांनी आवाज ऐकला, माणसं जमवली आणि बाबांना खाटेवर खाली आणलं.

त्या दिवसाबद्दल बाबा एक शब्द बोलत नाहीत. कापसाला आधीच भाव नाही, आता तो झाडावरच लोंबून राह्यलाय; बाया वेचायला जायला तयार नाहीत. खेळ बंद कर.

बाबांची काळजी करू नकोस, मायाही कमी करू नकोस.
तुझी, उर्वशी

पुणे, २६ नोव्हेंबर

चि. उर्वशी हिस, सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वाचलं. इंटरनेटवरून खेळ काढून टाकला, पण विमलताईंनी आकडे आधीच उतरवून घेतलेत. येत्या शनिवारी निघतो, असं त्यांनी लिहिलं होतं. आता मेलला उत्तर नाही, फोन नंबर माझ्याकडे नाही. डोंगरवाटेवर कुणाला तरी उभं कर. तू मात्र जाऊ नकोस. पत्र स्पीडपोस्टनं पाठवतोय.

जिवाला जपून राहा.
दादा

केळापूर, २ डिसेंबर

ती. दादास, सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. डोंगराला वाटा ढीगभर, माणसं कुठं कुठं उभी करायची? पहिली डबीच नसली तर पुढचे आकडे मिळायचे नाहीत, एवढं सुचलं. नेमसिंगकाकांना घेऊन पायथ्याशी गेले. खोटं कशाला बोलू, पान वाजलं की काकांचा सदरा धरत होते. पळसाच्या बुंध्यातली डबी ओढून काढली आणि गाव येईपर्यंत मागं बघितलं नाही.

काल दुपारी विमलताई आणि त्यांचे यजमान शोधून दमले आणि पाणी मागायला गावात आले. मी त्यांना घरी आणलं. डबी मीच काढली म्हटल्यावर ताई रागावल्या. वाघिणीचं सांगितलं तर म्हणाल्या, गावात अशा अफवा उठतातच. इतक्या लांबून आलोय, तळं तरी बघून येतो. पिशवी उचलून दारापर्यंत गेल्यासुद्धा.

तेव्हा बाबा खाटेवरून, भिंतीकडं बघत बोलले. म्हणाले, बाई, त्या दिवशी मले इतकं भेव लागलं होतं का मले घे पण पोरीले सोड, असं मी त्या वाघिणीले मनातल्या मनात म्हणून राह्यलो होतो.

ताईंनी पिशवी खाली ठेवली. रात्री इथंच राहिले दोघं, आज सकाळच्या बसनं गेले.

बाबांना पत्र लिही. माझ्यावरचा जीव आहे तसाच राहू दे.
तुझी, उर्वशी